निनहायड्रिनने चिंबोरीच्या हिमोलिम्फमधील अमिनो आम्ले मोजताना पावसाळ्यातले आकडे का फुगतात?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पासाठी आम्ही भाट्याच्या खाडीतील चिंबोऱ्यांच्या (खेकड्यांच्या) हिमोलिम्फमधील, म्हणजे त्यांच्या रक्तद्रवातील, मुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण निनहायड्रिन पद्धतीने मोजत आहोत; हे रसायन अमिनो आम्लांबरोबर जांभळा रंग देते. मे महिन्यात खाडीच्या मुखाजवळचे पाणी जवळजवळ समुद्राइतके, म्हणजे दर हजारी ३५ भागांच्या आसपास खारे असते; जुलैत काजळी नदी दुथडी भरून वाहू लागली की ओहोटीच्या वेळी तेच पाणी जिभेला जेमतेम खारट लागते. एवढा बदल सोसून चिंबोरी त्याच चिखलात राहते, तेव्हा तिच्या शरीरातील अमिनो आम्लांचे या काळात काय होते, ते पाहावे असा विचार होता.

आमची कृती अशी आहे. चिंबोरी अर्धा तास बर्फात ठेवून सुस्त झाली की शेवटच्या पायाच्या मुळाशी असलेल्या मऊ पडद्यातून सुईने एक मिलिलिटर हिमोलिम्फ काढतो. सिरिंजमध्ये येताना तो पाण्यासारखा करडा दिसतो, हवा लागली की दोन-तीन मिनिटांत निळसर होतो आणि गोठणरोधक नसेल तर पाहता पाहता जेलीसारखा धरतो. म्हणून सिरिंजमध्ये आधीच सायट्रेटचे द्रावण घेतलेले असते. त्यात समान आकारमानाचे १० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घालून प्रथिने खाली बसवतो, सेंट्रिफ्यूज करतो आणि वरचा ०.५ मि.लि. नितळ द्रव परीक्षानळीत घेतो. त्यावर सायट्रेट बफरमधील निनहायड्रिन अभिकर्मक १ मि.लि. घालून नळी २० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतो, थंड करतो, पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने १० मि.लि.पर्यंत भरतो आणि ५७० नॅनोमीटरला शोषकता वाचतो. प्रमाण आलेख ग्लायसिन या अमिनो आम्लाचा, साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात केलेला आहे.

जुलैच्या नमुन्यांची शोषकता मेच्या जवळजवळ दुप्पट येते आहे. मात्र माहीत असलेले ग्लायसिन मुद्दाम नमुन्यात घातले, तर त्यातले निम्म्याहून थोडेच अधिक परत हाती लागते. आणि कोऱ्या नळीचे वाचन एखाद्या दिवशी ०.०६, तर दुसऱ्या दिवशी ०.३० असते. विद्यार्थिनी ‘पावसाळ्यात अमिनो आम्ले वाढतात’ असा निष्कर्ष लिहायला तयार आहेत, पण मला त्याखाली सही करवत नाही. ज्यांनी ही पद्धत हाताळली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त जैवरसायनज्ञ (चिपळूण)

ताई, आपण सही रोखून धरलीत हे फार चांगले केलेत. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे याच जांभळ्या रंगाबरोबर काढली आहेत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

केंब्रिजमध्ये सिगफ्रिड रुह्मान यांनी १९१० साली हे संयुग प्रथम तयार केले आणि अमिनो आम्लांबरोबर ते जांभळे होते हे त्यांच्याच लक्षात आले. त्या रंगद्रव्याला आजही रुह्मानचा जांभळा म्हणतात. निनहायड्रिन अमिनो आम्लाचे विघटन करते; कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक कार्बन कमी असलेले अल्डिहाइड उरते आणि अमिनो आम्लातील नायट्रोजन तेवढा निनहायड्रिनच्या दोन रेणूंमध्ये पुलासारखा अडकतो. म्हणजे रंगद्रव्यात अमिनो आम्लाचा फक्त नायट्रोजन येतो, त्याची बाजूची साखळी येत नाही. अमिनो आम्ल ग्लायसिन असो, ल्युसिन असो किंवा अॅलॅनिन असो, शेवटी रंगद्रव्य तेच तयार होते. म्हणूनच एका ग्लायसिनच्या आलेखावर संपूर्ण मिश्रणाची बेरीज वाचता येते. स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी १९४८ साली या रंगावर प्रकाशमापनाची नेमकी पद्धत बसवली, १९५८ साली स्पॅकमन यांच्यासह स्वयंचलित अमिनो आम्ल विश्लेषक उभा केला आणि १९७२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते मानकरी ठरले. पण लक्षात घ्या, त्यांनी आधी स्तंभातून प्रत्येक अमिनो आम्ल वेगळे केले आणि मग त्याला रंग दिला. आपण वेगळे न करता रंग देत आहोत.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. नायट्रोजन कुठून आला हे रंगद्रव्याला कळत नाही, त्यामुळे अमोनियासुद्धा हाच जांभळा रंग देतो आणि त्याचे उत्पन्न अमिनो आम्लाच्या जवळपास तेवढेच असते. माणसाच्या प्लाझ्मात हे फारसे अडत नाही, कारण तिथे मुक्त अमिनो आम्ले लिटरला साधारण २ ते ४ मिलिमोल असतात आणि अमोनिया त्यापुढे नगण्य असतो. मूत्रात मात्र हिशेब उलटतो. तिथे अमोनिया आधी काढल्याशिवाय निनहायड्रिनच्या आकड्याला अर्थच नाही. चिंबोरी तर आपला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्याच रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकते. त्यातही पाणी गोडे झाले की पेशी फुगू नयेत म्हणून त्या आपल्यातली अमिनो आम्ले बाहेर सोडतात, त्यांचे पुढे विघटन होते आणि अमोनियाचे उत्सर्जन वाढते. आपण जो बदल शोधत आहात, त्याच बदलात मोजमापाला फसवणारा पदार्थही वाढतो आहे. माझ्या मते ही या प्रकल्पातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे आणि ती सोडवल्याखेरीज मे आणि जुलैची तुलना करू नये.

दुसरी फसगत उलट दिशेची. प्रोलीनमधला नायट्रोजन वलयात गुंतलेला असल्यामुळे तो जांभळा रंग देत नाही, पिवळा देतो आणि तो ४४० नॅनोमीटरला वाचावा लागतो. कवचधारी प्राण्यांच्या पेशींत ग्लायसिन आणि अॅलॅनिनबरोबर प्रोलीनही भरपूर असते आणि क्षारतेबरोबर तेही बदलते. ५७० नॅनोमीटरला आपण ते जवळजवळ पूर्ण गमावत आहात.

दर्यावर्दी (देवबाग)

मी रसायनशास्त्रातला नाही. कर्लीच्या खाडीत माझे खेकडापालनाचे कुंपण आहे. आमच्याकडे चिंबोरीला कुर्ली म्हणतात. मॅडमना काही गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

मे महिन्यातल्या आणि जुलैतल्या चिंबोऱ्या एकाच पद्धतीने आणल्या होत्या का? पावसात खाडी उसळलेली असताना फग (खेकडे धरायचा सापळा) लावणे जमत नाही आणि तेव्हा बहुतेक जण बाजारातून, दोरीने नांग्या बांधलेल्या कुर्ल्या घेतात. ओल्या पोत्यात बांधलेली कुर्ली दोन-तीन दिवस सहज जिवंत राहते, पण जिवंत असणे आणि धड असणे यांत अंतर आहे. पाण्यात परत सोडलेली अशी कुर्ली पहिले काही तास नुसती बसून राहते आणि त्या हौदाच्या पाण्याला थोड्याच वेळात उग्र वास येतो. वरती सरांनी अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर जातो असे लिहिले आहे. मग पाण्याबाहेर असताना तो कुठे जात असेल, असा प्रश्न मला पडला.

शिवाय कात टाकण्याच्या आधीची, नुकती कात टाकलेली मऊ आणि भरलेली, अशा तीन कुर्ल्या एका ढिगात घातल्या तर आम्ही त्यांचा भावसुद्धा एक लावत नाही. अवसेची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ असे आमच्याकडे पूर्वीपासून म्हणतात. त्यात शास्त्र किती ते आपण ठरवा, पण नमुने कोणत्या तिथीला आणि कातीच्या कोणत्या अवस्थेत घेतले याची नोंद वहीत असावी असे वाटते.

निवृत्त जैवरसायनज्ञ (चिपळूण)

दर्यावर्दी, आपला प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. कल्ल्यांवरून पाणी वाहत नसेल तर अमोनिया बाहेर पडू शकत नाही आणि तो हिमोलिम्फमध्येच साचतो. ताई, जुलैच्या चिंबोऱ्या पकडल्यापासून सुई लागेपर्यंत किती तास पाण्याबाहेर होत्या, हे सर्वप्रथम पाहा.

प्रयोगवही (दापोली)

मी संशोधक विद्यार्थी आहे आणि खारजमिनीतील भाताच्या रोपांवर काम करताना निनहायड्रिन रोज वापरतो. प्राण्यांबद्दल वरचे दोघे जाणकार बोललेच आहेत, म्हणून मी फक्त परीक्षानळीपुरते लिहितो.

घातलेले ग्लायसिन परत न मिळण्याचे कारण बहुधा आम्ल हे आहे. समान आकारमानाने मिसळल्यावर आपल्या नितळ द्रवात ५ टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल उरते, म्हणजे त्यातल्या ०.५ मि.लि.मध्ये सुमारे १५० मायक्रोमोल आम्ल असते. एक मिलिलिटर अभिकर्मकातल्या सायट्रेट बफरला एवढे ओझे पेलत नाही. रंग नीट उमटायला सामू ५च्या आसपास लागतो. तो खाली घसरला की अभिक्रिया अर्धवट राहते आणि रंग मळकट येतो. प्रमाण द्रावणात आम्ल नसल्यामुळे आपला आलेख मात्र सुंदर सरळ येतो आणि दोष झाकला जातो. नमुना सोड्याच्या द्रावणाने उदासीन करून घ्यावा किंवा नितळ द्रव फक्त ०.०५ मि.लि. घ्यावा, आणि दोन्ही परिस्थितीत प्रमाण द्रावणातही तेवढेच आम्ल, तेवढेच क्षार आणि तेवढेच सायट्रेट घालावे. त्यानंतर घातलेल्या ग्लायसिनपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत मिळाले पाहिजे. ते मिळेपर्यंत नमुने वाया घालवू नयेत.

कोऱ्या नळीच्या चढ-उताराबद्दल मला हातांचा संशय आहे. घामात अमिनो आम्ले असतात; १९५४ साली स्वीडनमधील ओडेन आणि फॉन हॉफस्टेन यांनी कागदावरचे बोटांचे ठसे उमटवण्यासाठी निनहायड्रिन सुचवले, ते याच आधारावर. आपल्याकडच्या दमट हवेत पिपेटचे टोक बोटाने बसवले किंवा परीक्षानळी तिच्या तोंडाशी बोटांनी धरली तरी पुरेसे होते. एक गाळणकागद घ्यावा, त्याच्या अर्ध्या भागाला उघड्या बोटांनी आणि अर्ध्याला हातमोजे घालून स्पर्श करावा, वर निनहायड्रिनचे द्रावण शिंपडून गरम तव्यासारख्या पत्र्यावर धरावा. विद्यार्थिनींना नंतर वेगळे सांगावे लागत नाही.

कोरी नळी वर जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे उरलेले हायड्रिन्डँटिन, म्हणजे निनहायड्रिनचे क्षपण झालेले रूप. पातळ करण्यासाठी अल्कोहोल घातल्यावर नळी तशीच ठेवू नये, बुच लावून जोरात हलवावी, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने ते नाहीसे होते आणि पार्श्वभूमीचा रंग उतरतो. माझ्या अनुभवात वीस-तीस सेकंदांच्या या हलवण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा महाग रसायने आणूनही पडत नाही. वाचन मात्र त्यानंतर लांबवू नये, कारण जांभळा रंगही हळूहळू फिका होतो.

अभिकर्मकाचे द्रावक मिथिल सेलोसॉल्व्ह असेल तर ते बदलावे अशी आग्रहाची विनंती आहे. ते प्रजननसंस्थेला अपायकारक आहे आणि आपल्याकडे काम करणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. मूर यांनीच १९६८ साली त्याऐवजी डायमिथिल सल्फॉक्साइड वापरून दाखवले होते आणि आम्ही तेच वापरतो.

सह्याद्रीपल्याड (मूळ कुडाळ)

धागा वाचून एक शंका आली. आमच्या नात्यातल्या एका तान्ह्या बाळाला अमिनो आम्लांच्या चयापचयाचा आजार असावा असा डॉक्टरांना संशय आहे. तालुक्याच्या ठिकाणी अशी साधी रंगाची तपासणी करून काही कळू शकेल का? मुंबईला नमुना पाठवायला वेळ लागतो म्हणून विचारते.

निवृत्त जैवरसायनज्ञ (चिपळूण)

नाही. कृपया या पद्धतीवर अजिबात अवलंबून राहू नका. निनहायड्रिन केवळ बेरीज सांगते आणि अशा आजारात बेरीज फारशी न बदलता एखादेच अमिनो आम्ल कित्येक पटींनी वाढलेले असू शकते. रंगाच्या चाचण्यांनी या आजारांचा मार्ग दाखवला हे खरे. नॉर्वेत १९३४ साली फॉलिंग यांना फेरिक क्लोराइडने मूत्र हिरवे झालेले दिसले आणि त्यातून फेनिलकेटोन्युरिया ओळखला गेला. पण आज बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रत्येक अमिनो आम्ल स्वतंत्रपणे मोजता येते. हा थेंब विशिष्ट कागदावर वाळवून टपालाने पाठवता येतो. बालरोगतज्ज्ञांना आजच विचारा आणि उशीर करू नका.

सह्याद्रीपल्याड (मूळ कुडाळ)

आभारी आहे, काका. कागदावरच्या थेंबाची माहिती नव्हती. आजच डॉक्टरांशी बोलतो आहोत.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उशिरा लिहिते आहे, कारण प्रत्येक सूचना करून पाहिल्याखेरीज उत्तर देणे योग्य वाटले नाही.

प्रथम दर्यावर्दींच्या प्रश्नाविषयी. वही काढून पाहिली. मे महिन्यातल्या सर्व चिंबोऱ्या आमच्या ओळखीच्या एका मच्छीमाराने पहाटे फगातून काढून पाण्याच्या बादलीत आणल्या होत्या आणि नऊच्या आत नमुने झाले होते. जुलैतल्या चिंबोऱ्या आदल्या संध्याकाळी बाजारातून बांधलेल्या घेतल्या होत्या आणि रात्रभर प्रयोगशाळेत ओल्या गोणपाटाखाली होत्या. ही नोंद आमच्याच अक्षरात आमच्याच वहीत होती. तिचा अर्थ आम्हाला लागला नव्हता. कातीच्या अवस्थेची नोंद केलेलीच नव्हती, ती आता करतो आहोत.

गाळणकागदाचा प्रयोग दोन्ही विद्यार्थिनींनी स्वतः केला. हातमोज्यांची बाजू पांढरी राहिली आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट जांभळ्या उमटल्या. त्यांतल्या एकीने तो कागद आपल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. आता चिमटा आणि हातमोजे वापरतो, अल्कोहोल घातल्यावर नळ्या हलवतो आणि कोऱ्या नळीचे वाचन सलग आठ दिवस ०.०५ ते ०.०७ च्या दरम्यान राहिले आहे. नमुना उदासीन करून प्रमाण द्रावणात तेच घटक घातल्यावर टाकलेल्या ग्लायसिनपैकी ९४ ते ९८ टक्के परत मिळते आहे. अभिकर्मकही डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये नव्याने तयार केला.

अमोनियासाठी इंडोफिनॉलची निळ्या रंगाची पद्धत वापरली. फिनॉल, हायपोक्लोराइट आणि नायट्रोप्रुसाइड यांनी अल्कधर्मी माध्यमात येणारा निळा रंग ६४० नॅनोमीटरला वाचतात. समुद्राच्या पाण्यातील अमोनियासाठी ही पद्धत प्रचलित असल्याने बहुतेक रसायने आमच्याकडे होतीच. जुलैचा गोठवून ठेवलेला नितळ द्रव थोडा शिल्लक होता. त्यात अमोनिया मोजून निनहायड्रिनच्या आकड्यातून वजा केला, तेव्हा मे आणि जुलैमधला बहुतेक फरक गळून पडला. जो थोडा उरला, तो प्राण्याप्राण्यांतल्या फरकापेक्षा मोठा आहे असे म्हणण्याइतके नमुने आमच्याकडे नाहीत.

दोन शंका उरल्या आहेत. वजाबाकी करण्यापेक्षा अमोनिया आधीच उडवून लावणे अधिक चांगले का? आणि आकडा कोणत्या एककात लिहावा? एका विद्यार्थिनीने १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम असे लिहिले आहे.

प्रयोगवही (दापोली)

मिलिग्रॅममध्ये लिहू नये, ताई. रंग नायट्रोजन मोजतो, वजन मोजत नाही. ग्लायसिनचा रेणुभार ७५ आणि आर्जिनिनचा १७४ आहे. मिश्रणात काय किती आहे हे माहीत नसताना मिलिग्रॅम लिहिणे म्हणजे सगळेच ग्लायसिन आहे असे गृहीत धरणे होते. लिटरमागे मिलिमोल लिहावे आणि पुढे ‘ग्लायसिन-तुल्य’ हा शब्द न विसरता घालावा. सिरिंजमधल्या सायट्रेटमुळे आलेली विरलता आणि आम्लामुळे आलेली विरलता, अशा दोन्हींचा गुणक लावला आहे ना, हेही पाहावे. पहिला गुणक माझ्याकडून एकदा राहून गेला होता.

प्रोलीनसाठी बेट्स आणि सहकाऱ्यांची १९७३ सालची पद्धत माझ्या रोजच्या वापरातली आहे. ती वनस्पतींसाठी बसवलेली असली तरी तत्त्व तेच आहे. हिमोलिम्फमध्ये प्रथिने बसवायला ट्रायक्लोरोअॅसेटिकऐवजी ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल घ्यावे. मग नमुना, आम्लयुक्त निनहायड्रिन आणि तीव्र अॅसेटिक आम्ल समान भागांत घेऊन एक तास उकळत्या पाण्यात ठेवावे, बर्फात थांबवावे आणि लाल रंग टोल्युइनमध्ये ओढून ५२० नॅनोमीटरला वाचावा. थर वेगळे झाल्यावर वरचा टोल्युइनचा थर लालसर आणि खालचा पाणीदार दिसतो. मधल्या रेषेच्या अगदी जवळून पिपेटने ओढू नये, पाण्याचा एक थेंबही क्युव्हेट गढूळ करतो. टोल्युइनचे काम धुराड्याच्या कपाटातच व्हावे.

निवृत्त जैवरसायनज्ञ (चिपळूण)

अमोनिया उडवणे शक्य आहे. नमुना अल्कधर्मी करून, खाली गंधकाम्ल ठेवलेल्या निर्वात शोषकपात्रात रात्रभर ठेवला की तो निघून जातो. मात्र गरम करू नका. ग्लुटामिन अल्कधर्मी माध्यमात तापले की स्वतःच अमोनिया सोडते, म्हणजे एक घालवताना दुसरा तयार होईल. आपल्याकडे इंडोफिनॉल नीट चालते आहे, तर माझ्या मते मोजून वजा करणेच बरे; निदान अमोनियाचा आकडा स्वतंत्रपणे वहीत राहतो आणि आपल्या विषयात तो आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. पाच-सहा नमुने दोन्ही मार्गांनी करून उत्तरे जुळतात का, एवढे पाहा.

दर्यावर्दी (देवबाग)

मॅडम, आकार आणि कात सारखी असलेल्या बारा कुर्ल्या मी निवडून ठेवू शकतो. त्या पाण्याच्याच डब्यात आणाव्यात, पोत्यात नको. आणण्याआधी एक दिवस खाणे बंद ठेवतो, म्हणजे पोटातल्या माशाचा परिणाम तुमच्या आकड्यात येणार नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दर्यावर्दी, बाराही चिंबोऱ्या काल सुखरूप पोहोचल्या. सर्व कडक कवचाच्या, नर आणि जवळजवळ एका वजनाच्या आहेत. सहा चिंबोऱ्या दर हजारी ३२ च्या पाण्यात आणि सहा १० च्या पाण्यात ठेवणार आहोत, दोन्ही हौदांना हवेचे पंप लावले आहेत आणि वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एक पंप हाताशी ठेवला आहे. आजपासून चार दिवस सर्व जणी... सर्व नर म्हणायला हवे, सर्व नर खाऱ्या पाण्यातच स्थिरावतील. गुरुवारी सकाळी सात वाजता शून्य तासाचा नमुना घेऊ, त्यानंतर सहा चिंबोऱ्या गोड्या पाण्याकडे वळवू आणि ६, २४ व ७२ तासांनी प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करू: एक ५७० ला निनहायड्रिनसाठी, एक इंडोफिनॉलसाठी आणि एक सल्फोसॅलिसिलिक आम्लात प्रोलीनसाठी. एकाच प्राण्याला चार वेळा सुई लागणार असल्यामुळे प्रत्येक वेळी ०.३ मि.लि.पेक्षा जास्त हिमोलिम्फ काढणार नाही. जुलैचा निष्कर्ष प्रकल्पातून काढून टाकला आहे आणि त्या जागी रात्रभर पाण्याबाहेर राहिलेल्या चिंबोऱ्यांमधील अमोनियाचे आकडे तसेच्या तसे दिले आहेत.